जीपची ओटी

इंदिरानगरातल्या आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक अनोळखी माणूस आपल्या जीपचं पोट टूथब्रशने घासतोय हे रावजी तिडक्यांनी पाहिलं, आणि हातातल्या पिशवीतलं दूध त्याच क्षणी नासलं असं त्यांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. दूध नासलेलं नव्हतं. चंद्रभागाबाईंनी त्याचा चहा केला, दोघांनी प्यायला, चहात काही खोट नव्हती. पण चहात खोट नाही म्हणून दुधात नव्हती असं होत नाही, आणि दुधात नव्हती म्हणून कुठेच नव्हती असं तर मुळीच होत नाही, हे रावजींना अंबडच्या एका कारखान्यात तीस-एक वर्षं तपासणी खात्यात काढल्यामुळे पक्कं ठाऊक होतं. मालावर संशय घ्यायचा त्यांना पगार मिळत असे. बाकीचे लोक माल बनवायचे, रावजी त्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, आणि या दोन कामांवर कारखाना चालायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, पण डोळा उरला. ते बाजारात नारळ कानाशी हलवत, मग दुसऱ्या कानाशी हलवत, आणि मग नारळवाल्याकडे बघत.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"माती काढतोय काका." जीपखालून आवाज आला. बाहेर फक्त पाय होते.

"कोणी सांगितलं?"

"मालकांनी."

"मालक मी आहे."

टूथब्रश थांबला. माणूस पाठीवर घसपटत बाहेर आला आणि पडल्या पडल्याच त्याने रावजींना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही सार्थक साहेब नाय ना?"

"मी त्याचा बाप."

"मंग बरोबर हाय," असं म्हणून तो निश्चिंतपणे पुन्हा आत गेला.

त्याचं नाव बहिरू. पाथर्डी फाट्यावर गाड्या धुण्याचं त्याचं दुकान होतं, आणि ऐकू त्याला उत्तम येत होतं. त्याने जीपखालूनच सगळं सांगितलं. गाडी ऑस्ट्रेलियाला चाललीय. डब्यात घालून, बोटीने. तिकडचे लोक लय कडक. मातीचा कण चालत नाही, गवताची काडी चालत नाही, आणि बी-बियाणं सापडलं तर खेळ खलास, आल्या बोटीने गाडी परत. "माणसं घेतील काका तिकडं, पण आपली माती नाय घ्यायचे," बहिरू म्हणाला आणि स्वतःच हसला. शेजारी वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर जीपच्या पोटातून निघालेला ऐवज मांडला होता. रावजी वाकले. ती माती नुसती माती नव्हती. काळी, चिकट, वाळून ढेकूळ झालेली गावाकडची, मखमलाबादच्या शेतातली होती. पांढुरकी त्र्यंबक रस्त्याची असावी. आणि या दोन्हींच्या मध्ये झेंडूच्या पाकळ्या होत्या, चहाच्या भुकटीसारख्या काळ्या पडलेल्या. त्यांनी चिमूटभर उचलून नाकाशी नेली. वास आला नाही. तरी झेंडूचा तो कडवट, औषधासारखा वास त्यांच्या घशात आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे थोरले भाऊ पुंजाराम जीप चालवायचे, मागे झेंडूचा डोंगर, आणि डोंगरावर चौथीतला सार्थक कुशीवर झोपलेला; फूलबाजारात पोचल्यावर त्याला उचललं की त्याच्या गालावर पाकळ्यांचे ठसे असायचे आणि तो झोपेतच विचारायचा, "आलं का घर?" जीप दोघा भावांनी मिळून एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. पुंजाराम गेले, त्यांच्या पोरांनी टेम्पो घेतला, जीप रावजींकडे आली. म्हणजे ती रावजींची होती. निदान दूध आणायला निघेपर्यंत होती.

सार्थक आणि त्याची बायको दिशा ॲडलेडला जाणार हे दिवाळीतच ठरलं होतं. कंपनी पाठवतेय, दोन-तीन वर्षं, मग परत. रावजींनी ते ऐकून घेतलं होतं, तपासलं होतं आणि तात्पुरतं पास केलं होतं. दोन-तीन वर्षांना माणूस काही म्हणू शकत नाही. माणूस नोकरीला जातो, थंडी-ताप सोसतो, फोनवर "जेवलात का" विचारतो आणि येतो. पण जीप? दोन-तीन वर्षांसाठी जाणारा माणूस गाडीवर ताडपत्री घालतो, बॅटरीची वायर काढतो, बापाला सांगतो, "अण्णा, आठवड्यातून एकदा चालू करत जा." तो ती समुद्रावरून नेत नाही. जो परत येणार असतो तो मागे काहीतरी ठेवतो, आणि जो काहीच ठेवत नाही तो... इथपर्यंत आल्यावर रावजींचा विचार दरवेळी त्या टूथब्रशसारखा थांबायचा. मग ते कपाटावर टेकवून ठेवलेल्या, कंपनीने निवृत्तीला दिलेल्या घड्याळाकडे बघायचे आणि ते मागे पडलंय का याचा विचार करायचे.

"जीप नेतोयस म्हणे," त्यांनी पोह्यांच्या वेळी विचारलं.

"हो अण्णा. सांगणारच होतो." सार्थकने लिंबू पिळता पिळता सांगितलं.

'सांगणारच होतो' हे वाक्य रावजींनी आयुष्यभर माल पुरवणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. माल परत केल्यावरच त्यांना ते आठवायचं.

"तिकडे गाड्या मिळत नाहीत?"

"मिळतात ना. पण जुन्या गाड्यांना तिकडे मान आहे. पंचवीस वर्षांच्या पुढची असली की लोक थांबून बघतात."

मी अडुसष्ट वर्षांचा आहे, असं रावजींच्या जिभेवर आलं. त्यांनी ते पोह्यांबरोबर गिळलं.

"अण्णा, तुम्ही आणि आई पण या ना," दिशा म्हणाली. मुलगी चांगली होती, पिंपळगाव बसवंतची, माहेरी द्राक्षांचं शीतगृह. बोलायची तेही थंड आणि टिकाऊ. "चांगले सहा महिने राहा."

सहा महिने. तेही रावजींनी नोंदून ठेवलं. परत येणाऱ्या माणसाकडे कोणी सहा महिने राहायला जात नाही, तो येईपर्यंत थांबतो.  चंद्रभागाबाईंनी सार्थकच्या ताटात न विचारता आणखी पोहे वाढले आणि आत जाऊन कढईचा नको तेवढा आवाज केला.

बहिरू आठवडाभर येत राहिला. रोज तो जीपचा एकेक अवयव काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि परत बसवायचा, आणि रावजी प्लास्टिकची खुर्ची टाकून समोर बसायचे. पाळत ठेवायला बसलेला माणूस आणि राखण करायला बसलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. इमारतीतल्या लोकांना वाटलं, तिडके काकांचा जीपवर फार जीव. रावजींनाही मधूनमधून तसं वाटे. पण ते बघत होते बहिरूकडे. आज ना उद्या तो काहीतरी बोलून जाईल याची त्यांना खात्री होती, आणि बहिरू तर बोलण्यासाठीच जन्माला आला होता.

"साहेब तुमचे हुशार बरं काका," तो एकदा दाराची रबरी पट्टी ओढता ओढता म्हणाला. "लोक ऐन वेळेला धावत्यात. गाडी वर्षभर तरी सोताच्या नावावर आन वापरात पायजे, तवाच ती संगं नेऊ देत्यात. मागं एका डॉक्टरची अडकली तशीच. साहेबांनी गेल्याच्या मागच्या चैतातच नावावर करून घेतली ना?"

"हो," रावजी म्हणाले. "मीच सांगितलं होतं."

एवढं खोटं ते कितीतरी वर्षांत बोलले नव्हते. मग ते उठले, जिना चढून वर गेले, पाणी प्यायले आणि दुसरा घोट तोंडातच धरून उभे राहिले. गेल्याच्या मागचा चैत्र. पेठ रोडवरचं आरटीओ ऑफिस. सार्थकने त्या दिवशी रजा काढली होती. ऊन मी म्हणत होतं आणि त्याने अण्णांना रांगेत उभं राहू दिलं नव्हतं, लिंबाच्या सावलीत बसवलं होतं, पाण्याची गार बाटली आणून दिली होती. "इन्शुरन्सला सोपं जातं अण्णा, माझ्या नावावर असली की." रावजींनी सही केली. आयुष्यभर तीनतीनदा पाहून एकदा सही करणाऱ्या माणसाने न पाहता सही केली, कारण सार्थकचा हात त्यांच्या खांद्यावर होता. नंतर मिसळ खाल्ली. सार्थकने त्यांच्या वाटीत स्वतःच्या वाटीतला रस्सा ओतला, "अण्णा, आणखी एक पाव घ्या" म्हणाला, आणि त्यांनी तो घेतला. घरी येताना जीप सार्थकनेच चालवली, हळूहळू, खड्डे चुकवत, जणू आत अंडी भरली आहेत. त्या रात्री झोपताना आपलं पोरगं किती चांगलं निघालं असं ते चंद्रभागाबाईंना म्हणालेही होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, "झोपा आता." आता तो दिवस त्यांनी पुन्हा पोटातून बाहेर काढला आणि टूथब्रशने घासला. गार बाटली. खांद्यावरचा हात. तो जास्तीचा पाव. प्रत्येक गोष्टीखालून माती निघाली. पण खरा त्रास वेगळाच होता. तो पाव खरोखर प्रेमाने दिलेला असला तर? माणूस एकाच हाताने प्रेमाने पाव देतो आणि त्याच हाताने गाडी नावावर करून घेतो, असा माल कोणत्या खोक्यात टाकायचा हे त्यांना कारखान्यात कोणी शिकवलं नव्हतं. तिथे खोकी दोनच होती, पास आणि नापास.

मग ते घरातही हिंडू लागले. काही शोधत नव्हते, नुसते हिंडत होते. दिशाने बाल्कनीतल्या कुंड्या खालच्या मजल्यावर देऊन टाकल्या होत्या. स्वेटर वाटले होते. बॅगा भरलेल्या होत्या, त्यातली एक रावजींनी कोणी नसताना उचलून पाहिली आणि वजनावरून ओळखलं की आत लग्नाचा अल्बम आहे. कपड्यांचं वजन सैल असतं, अल्बमचं एकगठ्ठा. कोणी लग्नाचा अल्बम दोन वर्षांसाठी नेतं का? पण एकदा सरळ विचारावं, तर विचारवत नव्हतं. संध्याकाळी सार्थक शेजारी येऊन बसायचा, टीव्हीवर कुठल्या तरी गावचा कांद्याचा भाव चाललेला असायचा, आणि रावजी तोंड उघडायचे आणि विचारायचे, "तिकडे कांदा मिळतो का?" सार्थक म्हणायचा, "मिळतो अण्णा." प्रश्न विचारला की उत्तर येतं. उत्तर आलं की माल एका खोक्यात जातो आणि झाकण लागतं. संशय आहे तोवर झाकण उघडं आहे. हे त्यांना कळत होतं असं नाही, पण कळत नव्हतं असंही नाही. रात्री जाग आली की ते छातीवर हात ठेवून आपल्या संशयाला चाचपून बघायचे, जसा प्रवासात माणूस खिशातलं पाकीट चाचपतो, आणि तो आहे म्हटल्यावर झोपी जायचे.

जीप न्यायला गाडी येणार तो दिवस नेमका पौषातला निघाला. मखमलाबादहून कलावहिनींचा, म्हणजे पुंजारामच्या बायकोचा, फोन आला. कलाबाईंचा फोन कानापासून हातभर लांब धरूनच घ्यावा लागे.

"भाऊजी, पौषात गाडी भायेर काढत्यात व्हय? कोणाला काय रीतभात हाय का नाय?"

"बोटीचा दिवस ठरलेला असतो वहिनी. बोटवाल्यांना पौष नसतो."

"त्यांना नसंल, आपल्याला हाय ना! मी येते. माझ्या मालकाच्या हातची गाडी हाय ती. तशीच कशी धाडता?"

त्या येणार हे रावजींनी घरात कोणाला सांगितलं नाही. विसरले म्हणावं तर दिवसभरात त्यांना ते अनेकदा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिरूने शेवटचा हात फिरवला, आरशासारखी झालेली जीप दाखवून "काका, आता चाटून बघा" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. सार्थक आणि दिशा पिंपळगावला तिच्या माहेरी निरोप घ्यायला गेले, दुपारी येणार होते, ट्रक संध्याकाळी. चंद्रभागाबाई वर पुरण वाटत होत्या. रावजी आपल्या खुर्चीवर बसून होते तेवढ्यात रिक्षा थांबली आणि कलाबाई उतरल्या, डोक्यावर पदर, एका हातात झेंडूची करंडी आणि दुसऱ्या हातात पिशवी.

"बया बया, कायम मातीनं माखल्याली असायची, आता काय गोरीपान केली हिला!" त्यांनी जीपच्या नाकाडावरून हात फिरवला. "पार नवरी केलीय."

"वर चला वहिनी, चहा घ्या."

"आधी हिचं. मंग चहा."

या क्षणी रावजींना बोलता आलं असतं. 'वहिनी, तिकडे मातीचा कण चालत नाही, बियाणं सापडलं तर आल्या बोटीने परत,' एवढं वाक्य होतं, बहिरूने पाठ करून दिलेलं. ते जिभेवर आलंही. रावजींनी कलाबाईंसाठी खुर्ची सरकवली आणि स्वतः खांबाला टेकून उभे राहिले. कलाबाईंनी बॉनेटला हळदीकुंकवाची बोटं ओढली. नुसतं एखादं फूल नव्हे, चांगला पाचपदरी झेंडूचा हार पुढच्या जाळीवर चढवला. फुलं शेतावरचीच, देठाला माती लागलेली. नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं, करवंटीचे धागे उडाले. दहीभाताचे चार मुटके चार चाकांना ओवाळून तिथेच ठेवले. मग त्यांनी पिशवीतून खण काढला.

"हे काय?"

"ओटी." कलाबाईंनी रावजींकडे असं पाहिलं, जणू त्यांनी जेवायला तोंड कुठे असतं असं विचारलं होतं. "लेक सासरी चालली तर तिची ओटी रिकामी धाडत्यात का भाऊजी? सातासमुद्रापल्याड चालली. परत कधी माहेर दिसंल तिला?"

हेच त्यांना सार्थकला विचारायचं होतं, आणि ते जीपबद्दल विचारलं गेलं. कलाबाईंनी चालकाच्या सीटवर खण पसरला, त्यावर नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक मांडली आणि ओंजळभर गहू ओतले. गहू नवे होते, गुळगुळीत. थोडे खणावर राहिले, बरेचसे सीटच्या शिवणीतून, फटीतून, दांड्यांच्या मधून घरंगळत खाली गेले. रावजींना त्यांचा आवाज ऐकू आला. छातीत काहीतरी हलकं, जवळजवळ आनंदाचं, हलत होतं.

"मागच्या सीटला पण भरा वहिनी," ते म्हणाले. "ती पण तिचीच आहे."

"बघा, तुम्हाला कळतंया," कलाबाई खूश होऊन म्हणाल्या. "आजकालच्या पोरांना नाय कळत." आणि त्यांनी मागच्या सीटवरही ओंजळ रिकामी केली. वर अक्षता टाकल्या. त्या उघड्या बॉनेटमधून इंजिनावर पडल्या. बॉनेट रावजींनी उघडलं होतं. कधी उघडलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

चंद्रभागाबाई पुरणाचे हात पुसत खाली आल्या तेव्हा कलाबाई डोळ्याला पदर लावून जीपच्या पाया पडत होत्या. चंद्रभागाबाईंनी जीप पाहिली. गहू पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिलं.  जाऊबाईंना वर नेलं, पुरणपोळी वाढली, दूध वाढलं, गप्पा मारल्या, रिक्षात बसवलं. मग सुपलं, जुनी कंगवी आणि केसातला आकडा घेऊन खाली आल्या, पदर खोचला आणि पुढच्या सीटच्या शिवणीतून आकड्याने गहू काढायला लागल्या.

"वहिनींनी ऐकलं नाही," रावजी म्हणाले.

"सांगितलं होतं का?"

रावजी खांबाकडे बघत राहिले.

"मला वाटलंच," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांनी चार दाणे सुपल्यात टाकले. ते टपटप वाजले. "मीच सांगितलं त्याला जीप ने म्हणून. तुम्ही सही करायच्या आधीच."

खांबावरचा रंग एका ठिकाणी उडाला होता आणि आत सिमेंट दिसत होतं. रावजींनी तिथे बोट लावलं. घरातली बॅगसुद्धा त्यांनी उचलून पाहिली होती; बायकोला नव्हतं पाहिलं. तपासणी खात्यात एक नियम होता, तपासणाऱ्याला कोणी तपासत नाही.

"का?" त्यांनी विचारलं.

"अहो, तुम्ही मला मखमलाबादहून इथे आणलं त्याला किती वर्षं झाली? भाड्याच्या खोलीत कधी खिळा मारू दिलात भिंतीला? 'परत जायचंय, कशाला भिंत खराब करायची.' दर रविवारी तिकडे. तिकडे खाट, तिकडे ट्रंक, तिकडे तुमचे जोडे. फ्लॅट घेतला, स्वतःचा, तरी तेच. कॅलेंडर दाराच्या कडीला, आरसा खिडकीत, कंपनीचं घड्याळ कपाटाला टेकून. तिकडची वाटणी झाली, तुमच्या वाटचा तुकडा विकला, तरी तुम्ही परतच जाताय." त्या बोलता बोलता दाणे काढत होत्या, एकदाही वर न बघता. "माझा अख्खा संसार दाराच्या कडीला टांगलात. त्याने विचारलं, आई, काय करू. मी म्हटलं, जायचं तर सगळं घेऊन जा. एक पाय इथे ठेवलास तर तिकडे दिशाचं माझ्यासारखं होईल. जीपवर जीव आहे ना तुझा, ती पण ने. तुझ्या बापाला काय सांगायचं ते मी बघते म्हटलं." मग जरा थांबून, "मला काही सांगता आलं नाही. ते माझं चुकलं."

रावजींना बऱ्याच गोष्टी म्हणायच्या होत्या. त्यातली एक अशी, की भिंत खराब होते हे खोटं नव्हतं. ते खाली बसले, मग हात टेकून आडवे झाले आणि पाठीवर घसपटत जीपखाली गेले. खाली गार होतं. वर बहिरूने घासलेलं पोलाद चकचकत होतं आणि त्यात त्यांचाच चेहरा लांबट होऊन दिसत होता. एका सांध्यात गव्हाचा दाणा अडकला होता. त्यांनी तो नखाने काढला. मग दुसरा. हात कामाला लागले तसा डोळा आपोआप जुना, तपासणीचा झाला. तो सांध्यामागून सांधा, स्क्रूमागून स्क्रू बघत गेला, आणि कितीतरी वेळ रावजींना सार्थक आठवला नाही, काहीच आठवलं नाही, नुसता माल होता आणि ते होते.

मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. दिशाची चप्पल वर गेली. सार्थकचे बूट जीपपाशी येऊन थबकले.

"आई, हे काय? कोणी केलं हे?" आणि मग खाली वाकून, "अण्णा! खाली काय करताय?"

"गहू वेचतोय."

 सार्थकने बूट काढले आणि तोही आत सरकला. दोघे उताणे, शेजारी शेजारी, जीपच्या पोटाकडे बघत. एवढ्या जवळ ते कधी निजले होते हे आठवायला फार मागे जावं लागलं असतं. त्याच्या दाढीत एक पांढरा केस रावजींना दिसला आणि तो आधी का नाही दिसला असं वाटून गेलं.

"तुम्हाला माहीत होतं ना अण्णा? बी सापडलं तर काय होतं ते?"

"होतं."

सार्थकने वर हात करून एक अक्षत काढली. ओठ दाबले. तो रागावलाय की रडतोय हे एका बाजूने कळत नव्हतं.

"परत येणार का?" रावजींनी विचारलं. प्रश्न अगदी साधा निघाला, कांद्याच्या प्रश्नापेक्षाही साधा.

"नाही, अण्णा. बहुतेक."

"बहुतेक काढ."

वर चंद्रभागाबाईंचा आकडा थांबला होता.

"नाही," सार्थक म्हणाला.

"मग जीप कशाला? तिकडे मिळतात म्हणालास गाड्या."

"तिकडे ओळखीचं कोणीतरी हवं ना," सार्थक म्हणाला, आणि आता तो रडतोय हे एका बाजूनेही कळलं.

रावजींनी वरच्या सांध्यातून आणखी एक दाणा काढला. मग म्हणाले, "इंजिन मी बघतो. तू मागची सीट काढ. आणि हार नुसता उचलू नकोस, जाळीत पाकळ्या राहतात, फुंकर मार." सार्थकने नाक पुसलं आणि सरकत बाहेर गेला. तिघांनी मिळून जीप पुन्हा धुतली. दिशाही खाली आली, तिने साडीचा काठ वर खोचला आणि बाटली धुवायच्या ब्रशने चाकं घासली. मुटक्यांचा भात कावळ्यांनी आधीच नेला होता, तेवढं काम कमी झालं. रावजी एकेक भाग पाहत गेले. इंजिन. जाळी. दारांच्या फटी. मागची सीट, उलटी करून. प्रत्येक भागाला हात लावून ते "पास" म्हणत आणि सार्थक तो बसवत असे. ट्रक येऊन रस्त्यावर उभा राहिला तेव्हा फक्त चालकाच्या सीटखालचा हत्यारांचा कप्पा उरला होता.

त्यावर चंद्रभागाबाईंनी बराच वेळ काम केलं होतं, पण वरून. कप्पा उघडायला सीट उचलावी लागते. तिथे गहू गेले असतील. गेले नसतील. ओटी भरताना काहीतरी खाली घरंगळल्याचा आवाज रावजींनी ऐकला होता, किंवा तो लिफ्टचा असेल. त्यांनी सीटच्या कडेला हात घातला. बोटांना कडी लागली. ओढली असती तर झाकण उघडलं असतं, आत असतं ते दिसलं असतं, आणि मग पुढे काहीही व्हायचं राहिलं नसतं.

"अण्णा, सीटखालचा कप्पा पाहिलात ना?" ट्रकवाल्याला हात दाखवत सार्थकने विचारलं.

"पाहिला," रावजी म्हणाले. "पास."

जीप फळीवरून चढली, तिला दोऱ्यांनी आवळलं, आणि ट्रक वळणावरून गेला. सार्थक आणि दिशा रस्त्यावर उभे राहून बघत होते. जीपच्या जागी सिमेंटवर ओला चौकोन उरला होता आणि तो कडेकडेने वाळत होता. चंद्रभागाबाई सुपलं घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"सगळं निघालं ना?"

"निघालं," रावजी म्हणाले, आणि हात मागे बांधून जिन्याकडे चालू लागले. चार पायऱ्या चढल्यावर त्यांनी वळून पाहिलं. चंद्रभागाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या सुपल्यातले दाणे बोटाने इकडून तिकडे करत होत्या, जणू किती असायला हवे होते याचा अंदाज घेत होत्या, आणि मधूनच मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या.